चफ्ड

माझ्या धाकट्या भावाकडे इंग्लंडात सहा महिने राहून आई परत आली. काल ती दारात मटार सोलत बसली होती. शेजारच्या कमलमावशींनी विचारलं, "नातीला बघून बरं वाटलं का गं?"

"बरं काय विचारतेस? एकदम चफ्ड झाले!" आई म्हणाली आणि तिने पुढची शेंग फोडली. अडखळली नाही की लाजली नाही.

"म्हणजे रे काय?" मावशींनी सवयीने मलाच विचारलं.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.ए., तेही इंग्रजी घेऊन. औषधाच्या बाटलीवरचं असो की बँकेच्या कागदावरचं, आईला अर्थ सांगायचा तो मीच. आणि हा शब्द मला ठाऊक नव्हता. उठून आत गेलो, डिक्शनरी काढली. ब्रिटिश, बोलण्यातलं विशेषण, अर्थ 'खूप खूश'. मी शब्द पाठ करून मिळवले, परीक्षेत लिहिले; बोलताना अजून जीभ जड होते. आईला हा नातीच्या खेळण्यांबरोबर सापडला असणार. खोटं कशाला बोलू, मी जळलो. सख्ख्या आईवर जळलो.

बाहेर येऊन मुद्दाम विचारलं, "आई, नेमकं कधी म्हणायचं गं हे?"

तिने मान वर केली. "तुझा बी.ए.चा निकाल लागला, तेव्हा मी अनवाणीच गल्लीभर पेढे वाटत सुटले होते ना? तसं झालं की म्हणायचं."

डिक्शनरीत हे नव्हतं. मी तिच्या शेजारी मटार सोलायला बसलो.