डाव्या बाजूचं खोटं

फिजिओथेरपीचं शिक्षण संपलं आणि नाशिकमध्ये एकाच आठवड्यात मला दोन नोकऱ्या चालून आल्या. पहिली गंगापूर रोडला, ज्यांच्या हाताखाली मी इंटर्नशिप केली होती त्या डॉक्टर मॅडमच्या केंद्रात. पक्षाघात झालेल्या माणसांना त्या पुन्हा उभं करत. वय सत्तरीकडे झुकलेलं, तरी पेशंटला चालवताना स्वतः शेजारी वाकून चालायच्या. "आता हे सगळं तूच बघायचंस," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला भरून आलं. मी लगेच हो म्हटलं.

दोनच दिवसांनी मुंबई नाक्याजवळच्या एका मोठ्या रुग्णालयाचं पत्र आलं. खेळाडूंच्या दुखापतींचा नवा विभाग होता. मला पहिल्या वर्षापासून तेच काम करायचं होतं.

मॅडमना सरळ सांगितलं असतं तर त्या थोड्या नाराज झाल्या असत्या, एवढंच. पण ती नाराजी समोर बसून बघायची माझी हिंमत नव्हती. मी फोन केला आणि म्हणाले, "आईला पक्षाघात झालाय. डावी बाजू गेली. मला सटाण्यालाच राहावं लागेल." मॅडम म्हणाल्या, "घाबरू नकोस. पहिले तीन महिने महत्त्वाचे असतात, तुला ठाऊकच आहे."

मोठ्या रुग्णालयात रुजू व्हायच्या आधी मी चार दिवस घरी गेले. रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. मॅडम उतरल्या. ड्रायव्हरच्या हातात एक नवा वॉकर होता. मी खिडकीतून पाहिलं, पण दाराकडे गेले नाही. दार आईने उघडलं. ती गच्चीवरून कुरडया घालून आली होती, दोन्ही हात चिकाने भरलेले.

"पेशंट कुठे आहेत? आई?" मॅडमनी विचारलं.

"मीच तिनी माय," आई हसत म्हणाली. "या ना, बसा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. वॉकर, डॉक्टर आणि माझा चेहरा, तिला एवढं पुरलं. हात धुवायला म्हणून ती आत गेली आणि परत आली ती भिंतीला धरून, उजवा पाय ओढत.

"आता बरं शे," ती खाली बघून म्हणाली. "मधी लय त्रास व्हता."

मी डावी बाजू सांगितली होती, ते तिला कुठून माहीत असणार? आणि चाळीस वर्षं हीच चाल बघत आलेल्या बाईसमोर माझी आई लंगडत होती. आयुष्यात कुणाशी खोटं न बोललेली.

मॅडमनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तळवा दाबून पाहिला, गुडघा वाकवून पाहिला, सगळं रीतसर. "छान सुधारणा आहे," त्या म्हणाल्या. "वॉकरची गरज नाही. दुसऱ्या कुणाला होईल." चहा पूर्ण प्यायल्या, कुरडयांचं कौतुक केलं. वॉकर मीच गाडीत ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी "मॅडम" एवढंच म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "आईंना आता नीट चालू दे."

घरात आले तर आई अजून त्याच खुर्चीवर होती. मी मोठ्या रुग्णालयाबद्दल सांगितलं. ती रागावली नाही. "बाई एवढ्या लांबून वनी," मॅडमच्या येण्याबद्दल एवढंच म्हणाली आणि गच्चीवर गेली.

मी त्याच रुग्णालयात रुजू झाले. काम मनासारखं आहे, आज सहा वर्षं झाली. रुजू झाल्यावर वर्षभराने मी केंद्रात माफी मागायला गेले होते. मॅडम एका आजोबांना चालवत होत्या. मला म्हणाल्या, "जरा यांची दुसरी बाजू धर." मी धरली. हॉलच्या तीन फेऱ्या झाल्या, आजोबा बसले, मॅडम पुढच्या पेशंटकडे वळल्या. माफीचं वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं. ते न म्हणताच मी बाहेर पडले, आणि नंतर पुन्हा गेले नाही.