दिवसा न मिटणारं दार

दहा दिवसांपूर्वी मी स्वतः बसवलेलं दार सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून काकूंनी त्याला वाटण्याचा पाटा टेकवून ठेवला होता. मी मोटरसायकल कडेला लावली आणि हेल्मेट न काढताच आत शिरलो.

"काकू, हे काय? दार बिघडलं का?"

"न्हाय ओ सलीमभाऊ. दार लई भारी हाय. बसा, च्या टाकते."

दार भारी आहे, म्हणून त्याला पाटा! तीस वर्षं या धंद्यात आहे, पण माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

पहिल्यापासून सांगतो. तुळजापुरात माझं दारं-खिडक्यांचं वर्कशॉप आहे. काकूंचं घर तामलवाडीत, अगदी रस्त्याला लागून. घराच्या समोरच स्पीडब्रेकर. म्हणजे सोलापूरकडून येणारा प्रत्येक ट्रक त्यांच्या दारात ब्रेक मारतो, फुस्स करतो, गिअर टाकतो आणि पुन्हा गुरगुरत निघतो. उसाचा हंगाम असला की ट्रॅक्टर येतात, मागं दोन ट्रॉल्या आणि वर मोठ्यानं लावलेली गाणी.

काकूंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, झोप होत नसेल. जाऊन बघतो तर प्रकरण वेगळंच होतं. नाना, म्हणजे काकूंचे मिस्टर, बसचे रिटायर्ड ड्रायव्हर. पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून कान गेलेले. लेकीनं लातूरला नेऊन कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते मशीन टीव्हीवर डबीत पडून होतं.

"नाना, घालत का नाही?" मी ओरडून विचारलं.

"अरे, ते घातलं की ट्रक डोक्यातनं जातो!" नाना माझ्याहून मोठ्यानं ओरडले. "बाईचं बोलणं बारीक अन् हॉर्न मोठा. मशीन दोन्ही वाढवतंय. म्या काय करू?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पस्तीस वर्सं हे ड्युटीवर. आज हितं मुक्काम, उद्या तितं. म्हटलं, रिटायर झाल्यावर बोलू. आता घरी हाईत तर ऐकू येत न्हाय. म्या बोलू कुणाशी, सलीमभाऊ?"

मी बिजागऱ्या, चौकटी, कुलपं यांच्या तक्रारी ऐकणारा माणूस. मी खिशातला टेप काढला आणि माप घ्यायला लागलो.

आता थोडं कामाचं. आवाज दोन वाटांनी आत येतो. एक म्हणजे फट. जिथून उजेड येतो, तिथून आवाज येतो, हे साधं गणित. मी पुढचं दार लावलं, पडदे ओढले आणि काकूंना म्हटलं, बघा. दाराच्या चारी बाजूंनी उन्हाची रेघ दिसत होती. खाली तर अंगठा जाईल एवढी फट. नवीन फरशी बसवताना गवंड्यानं उंबरा काढून टाकला होता. पाय अडखळतो म्हणे.

दुसरी वाट म्हणजे खुद्द दार. त्यावर बोटाच्या पेराने टकटक केली तर डब्यासारखं वाजलं. वरून प्लायवूड, आतून पोकळ. दिसायला झकास, वजनाला पापड. आवाज अडवायला वजन लागतं. हलकं दार आवाजाबरोबर स्वतःच थरथरतं आणि आत तोच आवाज काढतं.

मी नानांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: भरीव दार, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी, भिंत आणि चौकट यांच्यातल्या भेगा बुजवायच्या, आणि खाली ग्रॅनाइटचा उंबरा. आवाज पूर्ण जाणार नाही, हेही लिहिलं. खोटं सांगून दार विकणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. पण त्यांची एकच खिडकी होती आणि तीही मागच्या बोळात. रस्त्याचा आवाज बहुतेक दारातूनच येत होता. म्हणून मला भरवसा होता.

काम तीन दिवस चाललं. उंबरा बसल्यावर काकूंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. तोवर कुणी ओलांडायचं नाही, म्हणून मी आणि माझा कारागीर अर्धा तास बाहेर हत्यारं घेऊन बसलो होतो. मग दार चढवलं. चौघांना उचलावं लागलं. दार लावलं आणि त्याच वेळी बाहेरून एक ट्रक गेला. आत फक्त लांबून कुणी जातं घुमवावं तेवढी घरघर. नानांनी मशीन कानात घातलं. काकू म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

नाना म्हणाले, "एवढी का वरडतीस?"

आम्ही सगळे खो खो हसलो. मी त्या दिवशी हवेत तरंगत तुळजापूरला आलो.

आणि दहा दिवसांनी हा पाटा. मशीन परत डबीत.

"काकू, उघडंच ठेवायचं होतं तर दार कशाला केलं? चौकटीला पडदा लावला असता!" मी भडकलो होतो. काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

गावात दिवसा दार बंद असण्याचे दोनच अर्थ होतात. एक तर घरचे परगावी गेलेत, नाहीतर घरात भांडण झालंय. पहिल्या दिवशी दूधवाला दार बघून परत गेला. दुसऱ्या दिवशी शेजारची सुमन कढीपत्ता मागायला आली आणि न मागता गेली. पुढं पारावर चर्चा झाली की नाना-काकूंनी दार लावून घेतलंय, काय झालं असेल? चौथ्या दिवशी कुणीतरी लातूरला लेकीला फोन केला. लेक दुपारच्या गाडीनं रडत हजर. दार ढकलून बघते तर आईबाप आत सोलाण्याची उसळ खात बसलेले.

"लेकीनं लई झाडलं मला," काकू म्हणाल्या. "अन् खरं सांगू? मलाबी बंद घरात बरं वाटंना. दारात कोण येतंय, कोण जातंय, दिसाया नगं? माणसं तोडून ह्यांच्याशी बोलू व्हय?"

कप ठेवला आणि निघालो. रस्ताभर चिडचिड केली. चूक त्यांची, असंच मनात घोळत होतं. घरी बायकोला सगळं ऐकवलं. शबाना भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अपना दरवाजा दिन में कब बंद रहता जी?"

मी वळून बघितलं. आमचं दार उघडं होतं. पडदा वाऱ्यावर हलत होता आणि शेजारीण न विचारता आत येत होती. माझी चिडचिड तिथंच विरली. दोष काकूंचा नव्हता. मी फटी मोजल्या, जाडी मोजली, पण त्या घरात दार दिवसभर काय काम करतं ते विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "काकू, दाराला काच बसवू. दोन जाड काचा, मध्ये बोटभर हवा. आवाज थोडा जास्त येईल, पण फार नाही. बाहेरच्याला तुम्ही दिसाल, तुम्हाला बाहेरचा."

स्वतः केलेल्या दाराला कटर लावून भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं. मी डोळ्यांच्या उंचीला चौकोन आखला. काकू आपल्या नेहमीच्या जागी, चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "हितनं मला नुसती डोकी दिसत्यात. कुणाचं डोकं कुणाला कळतंय?" मग काच कमरेपासून वरपर्यंत लांबट घेतली. मी म्हटलं, रस्त्यावरून घरातलं सगळं दिसेल. तर म्हणाल्या, "दिसू द्या की. लपवाया काय हाय आमच्याकडं?"

कडीबद्दलही त्यांनीच ठरवलं. दिवसा दार नुसतं लोटलेलं, कडी नाही. येणाऱ्यानं ढकलून आत यायचं. सुमनला आणि दूधवाल्याला त्यांनी बोलावून ढकलायला लावलं, दोनदा. दिवेलागणीला मात्र दार पूर्ण उघडं, लक्ष्मीसाठी. तेवढा वेळ नाना मशीन काढून ठेवतात.

महिन्यानं पुन्हा गेलो. जड दार थोडं खाली बसतं, मग बिजागऱ्यांचे स्क्रू आवळावे लागतात. दुपारची वेळ होती. काचेतून दोघं दिसली. काकू चटईवर, हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. नाना खुर्चीत पुढं वाकलेले, कानात मशीन. माझ्या पाठीमागून उसाचे दोन ट्रॅक्टर गाणी वाजवत गेले. नानांनी मानही वळवली नाही. मला बाहेर काकूंचा एक शब्द ऐकू येत नव्हता. आपल्या कामाची एवढी चांगली तपासणी मी कधी केली नव्हती.

काकूंनी मला पाहिलं आणि हातानंच आत बोलावलं. दार ढकलून आत गेलो तर नाना डोळे पुसत होते. मी घाबरलो.

"काय झालं नाना?"

"काय न्हाय रे. लेक झाली तवा म्या गाडी घेऊन मुक्कामी होतो. तिसऱ्या दिवशी घरी आलो. त्या रात्री हिच्यासंगं कोण होतं, काय झालं, कसं झालं... हे मला आत्ता सांगतीया. मला काय म्हाईतच नव्हतं."

काकू म्हणाल्या, "सांगितलं होतं की. तुमी झोपला होता."

मी पाना-स्क्रूड्रायव्हरची पिशवी उघडलीच नाही. परत येतो म्हणालो आणि दार लोटून घेतलं.

तेव्हापासून कुठंही दाराचं माप घ्यायला गेलो की टेप काढायच्या आधी विचारतो, "दिवसा दार लावता का?" लोक मला जरा येडा समजतात. समजू देत. दार परत कापण्यापेक्षा ते परवडतं.