पाणकणसातली ती, आणि आमची हलूनका

माझ्या थोरल्या बहिणीला आमची गल्ली 'हलूनका' म्हणते. तोंडावर ताई, पाठीमागे हलूनका. तिचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिवणकामाचं दुकान भिंतीला भिंत लावून आहेत. माझं मशीन कितीही खडखडलं तरी तिचा आवाज त्याच्यावरून येतोच : "हनुवटी वर. खांदे खाली. हलू नका!" ओळखपत्रांचे फोटो काढून काढून तिचा स्वभाव असा झाला, की स्वभावच असा होता म्हणून तिने हा धंदा धरला, ते आमच्या आईलाही सांगता आलं नसतं. बँकेच्या मॅनेजरला तिने एकदा "हसू नका, लग्नाचा फोटो नाही हा" असं सुनावलं होतं. रडकी पोरं मात्र तिच्यापुढे कशी गप्प बसतात, देव जाणे.

मी हे रागात लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते. राग शिळा झाला की लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. मला माझा राग ताजाच ठेवायचाय.

सुट्टीच्या सकाळी ताई शहराबाहेरच्या तळ्यावर जायची. "आठवडाभर माणसांची थोबाडं बघते, एक दिवस तरी दुसरं काही बघू दे," म्हणायची. दवाचे थेंब, शेवाळ, चतुर, असलं काहीबाही टिपून आणायची. त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहून ती पाणकणसाच्या दांड्यावरचा एक चतुर टिपत होती. चतुर उडाला. तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नव्हता, आणि मागच्या वाळक्या पात्यांपैकी एकाने पापणी मिटली.

"पात्याला डोळा गं!" माझ्याकडे चहाला आल्यावर ती सांगत होती. चिखलाचे पाय तसेच, माझ्या कापडाच्या ताग्यांवर. "बगळ्याच्या जातीची, पण रंग अगदी वाळक्या गवताचा. अंगावर पात्यांसारखेच पट्टे. चोच सरळ आभाळाकडे. वारा आला की पात्यांबरोबर डुलायची, बास. माझा जन्म गेला लोकांना हनुवटी वर करा सांगण्यात, आणि ही बया न सांगता उभी!" ताई पोट धरधरून हसली. मग तिने कप खाली ठेवला. "पोज नव्हती ती. घाबरली होती. पायाशी अंडी होती तिच्या. मी एक फोटो काढला आणि मागच्या मागे परत आले."

वनखात्यातला एक माणूस तिच्या ओळखीचा होता. त्याला फोटो दाखवला तर तो खुर्चीतून उठलाच. ही जात या तळ्यावर शेवटची दिसली तेव्हा तो शाळेत होता म्हणे. "पिल्लं बाहेर पडून उडेपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढू नका," एवढंच त्याने बजावलं. ताईने मलासुद्धा शपथ घातली. तिला दुसरं काही नको होतं. ती पिल्लं उडायला हवी होती.

आणि मग आमचे भावोजी. माणूस सोन्यासारखा, पण सोन्याला अक्कल असते असं कुठे आहे? स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटो छापायचं आणि कापायचं काम त्यांचं. ताईने सांगितलं, "घरात लावायला एक मोठी प्रत काढा. नुसती मान ठेवा, बाकी कापून टाका." भावोजींचं सगळं आयुष्य माणसं खांद्यापर्यंत कापण्यात गेलेलं. पण या एका फोटोवर त्यांची कात्री चालेना. "एवढं आभाळ कापवेना गं," ते मला नंतर म्हणाले. त्यांनी फोटो अख्खा ठेवला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण महिन्यातला सगळ्यात चांगला फोटो दर्शनी काचेत लावायचा, ही स्टुडिओची जुनी रीत. ताई एका शाळेत वर्गांचे फोटो काढायला गेली होती. परत येईल तेव्हा तिला खूश करावं, म्हणून त्यांनी तो काचेत लावला. आभाळाच्या कोपऱ्यात लाल पट्ट्याची पाण्याची टाकी. ती टाकी आमच्या शहरातलं शेंबडं पोरही ओळखतं.

"तुम्हाला डोळे आहेत की बटणं?" ताई रस्त्यातच कडाडली. फोटो तेव्हाच उतरवला. पण बैल गेला आणि झोपा केला. कुणीतरी काचेवर मोबाइल धरून फोटोचा फोटो कधीच काढून नेला होता.

दोन दिवसांनी मी तिच्याबरोबर तळ्यावर गेले. बांधावर गाड्यांची रांग. तिपाया, लांबलचक लेन्स, घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास. एकजण मोबाइलवर कसल्याशा पक्ष्याचा आवाज वाजवत होता. सगळ्यांच्या पुढे आमच्या चौकातले टाइल्सवाले. यांना छंद फोटोचा आणि हौस मिरवण्याची. त्यांच्या शोरूमची दोन माणसं हातात विळे घेऊन पाण्यातून वर येत होती, खांद्यावर पाणकणसाचे भारे.

"अहो, हे काय केलंत?" ताई ओरडली.

"आडवं येत होतं. नीट दिसत नव्हतं," टाइल्सवाले अगदी अदबीने म्हणाले. "या ना ताई, पुढे या. तुमच्याच कृपेने तर आम्हाला कळलं."

मी पाहिलं. आजूबाजूला एक पातं उरलं नव्हतं, आणि ती अजून पातं होऊन उभी होती. चोच आभाळाकडे, मान ताठ, उघड्या पाण्यात एकटी. वारा आला तेव्हा डुललीसुद्धा. डुलायला सोबत कुणी नव्हतं तरी.

"काय पोज देतेय!" मागून कुणीतरी म्हणालं. त्याच्या मुस्काटात द्यायला माझा हात शिवशिवला. दिली नाही, याचा मला अजून पस्तावा आहे.

ताईने हात जोडले, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा हात जोडले. "मागे व्हा, तिला बसू द्या. अंडी उन्हात आहेत." तर तिलाच म्हणाले, "शू! उडेल ती." वनखात्याच्या माणसाला फोन केला, तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी बैठकीत अडकलेला. ऊन चढत गेलं. ती उभी राहिली म्हणून अंडी उघडी, आणि ही माणसं बसली होती म्हणून ती उभी. तो येऊन पोहोचला तोवर ती गेली होती. घरट्यावर कावळे होते. कावळ्यांना मी दोष देत नाही, ते फोटो काढायला आले नव्हते.

"परत येईल का?" ताईने त्याला विचारलं. त्याने कापलेल्या खुंटांकडे बोट दाखवलं.

भावोजींनी त्या रात्री ताट बाजूला सारलं. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यापुढे काही चालत नाही, म्हणून घरच्यावर ओरडायचं, हे आपण सगळेच करतो. ताईने ते केलं नाही. "जेवा," म्हणाली. "विळा तुमच्या हातात नव्हता."

काही महिन्यांनी टाइल्सवाले स्टुडिओत हजर. त्यांच्या फोटोला परदेशात बक्षीस लागलं होतं. फोटोला त्यांनी नाव दिलं होतं 'आईची तपश्चर्या'. बक्षीस घ्यायला जायचं, म्हणून व्हिसासाठी फोटो हवा. निलाजरेपणाला काही सुमार? ताईने पडद्यामागच्या स्टुलावर त्यांना बसवलं आणि दोन्ही दिवे लावले. मी बाहेर बाकावर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत बसले होते.

"हनुवटी वर. अजून वर. हलू नका."

बराच वेळ झाला. "झालं का हो ताई?" आतून आवाज आला.

"हलू नका."

"मानेला रग लागली!"

तेव्हा ताईने पडदा धरला आणि दांडीसकट खाली ओढला. मीच शिवलेला पडदा, टराटरा उसवत आला. बाकावरची माणसं, दारातली माणसं, रस्त्यावरची माणसं, सगळ्यांसमोर टाइल्सवाले हनुवटी आढ्याकडे करून बसलेले. कपाळावरून घाम ओघळत होता. कुणीतरी फसकन हसलं. एकाने मोबाइल वर धरला.

"अहो, पडदा! पडदा लावा ना!"

"आडवं येत होतं," ताई म्हणाली. "नीट दिसत नव्हतं."

ते धडपडत उठले. तोंड लाल झालं होतं. दारापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "आणि माझा फोटो?"

"नाही आला. तुम्ही हललात," ताई म्हणाली. "ती शेवटपर्यंत हलली नव्हती."