आप्पांचा बिवळ्याचा पेला आणि माझा रुसलेला निळा

रत्नागिरीच्या एका कॉलेजातून रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत एका बाटलीकडे रागाने बघत उभी होते. 'उजेड देणारे सेंद्रिय पदार्थ' या विषयावर आमच्या मुलांशी बोलाल का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं. समुद्र, मासे आणि त्या बाटलीपासून दोन दिवस सुटका, आणखी काय हवं?

माझा उद्योग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चांगल्यातल्या मोबाईलचा पडदा ज्यांच्यामुळे उजळतो, तसले कार्बनचे रेणू मी कोल्हापुरात बसून बनवते. वीज दिली की ते उजेड देतात. हिरवा शहाण्यासारखा वागतो, तांबडाही फारशी कुरकुर करत नाही. निळा मात्र महानाटकी! त्याच्या उजेडाला ऊर्जा जास्त लागते आणि ती पेलता पेलता रेणू स्वतःच मोडतो. तीन वर्षं मी टिकाऊ निळ्याच्या मागे लागले आहे आणि तो अजून माझ्या दोन पावलं पुढे आहे.

"मीपण येतो," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आई महिनाभर बेंगळुरूला, माझ्या भावाच्या बाळाजवळ गेली होती, त्यामुळे हे घरात मोकाट होते. "गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन किती वर्षं झाली!" एवढी भक्ती त्यांच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला निघालो. कोल्हापूर-रत्नागिरी चार तास धरा, रस्त्याचं काम चालू असेल तर वर अर्धा तास. मलकापूरपर्यंत आप्पा झोपले. आंबा घाटात धुकं होतं, तिथे जागे होऊन त्यांनी मला गाडी कशी चालवावी ते शिकवलं. साखरप्याला चहा घेतला. तिथला चहा गोड असतो, आधी सांगितलं तरच बिनसाखरेचा मिळतो. मी सांगितलं. आप्पा साखरेचे रुग्ण आहेत, दहा वर्षं गोळ्या चालू आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टपरीवाल्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने चहा घेतला.

पालीच्या अलीकडे ते एकदम ओरडले, "थांब, थांब! डावीकडे घे."

रस्त्याकडेला पत्र्याची शेड होती. पुढे पोळपाट, लाटणी, रव्या मांडलेल्या आणि आत एक कातारी चाकावर लाकूड फिरवत बसलेला. बिवळ्याच्या लाकडाचे पेले तो बनवतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं, साखर उतरते, अशी त्यांची ख्याती. तर गणपतीपुळ्याची भक्ती इथे राहत होती!

"जुना पेला झिजला," आप्पा म्हणाले.

"जुना? म्हणजे घरात एक आहे?"

"तू तुझं बघ."

मी कातारीकडे वळले. "हे लाकूड खरं बिवळ्याचंच कशावरून?"

चाक थांबवून त्याने भुसा झटकला. "बाय, पाणी भरा नि उन्हात धरा. निळी झाक मारंल. दुसऱ्या लाकडाला नाय येत ती."

निळा हा माझा विषय. निळ्यावर मी चार तास न थांबता बोलू शकते. तरीही एक माणूस मला निळ्याबद्दल सांगत होता आणि मी "हो का?" म्हणून चपलेतला खडा काढत होते. आप्पांनी पेला घेतला, तिथल्याच हंड्यातलं पाणी त्यात भरलं, वर फडकं बांधलं आणि मांडीत धरून बसले.

हातखंब्याला कोकणी मेव्याच्या दुकानाशेजारच्या पंपावर मी पेट्रोल भरायला उतरले. आप्पा गाडीतच थांबले, फार शांतपणे. मी परत आले तेव्हा ते खिडकीतून आभाळ बघत होते आणि गाडीत फणसपोळीचा वास येत होता. मी विचारलं. ते म्हणाले, "बाहेरून येतोय."

व्याख्यान दोनला होतं. त्याआधी बाजारात एका खानावळीत सुरमईचं ताट घेतलं. दोघांचं सातशेच्या आत झालं, सोलकढी दोनदा मिळाली, जागेसाठी मात्र थांबावं लागलं. गाडी तासभर उन्हात होती.

कॉलेजची प्रयोगशाळा जुनी आणि प्रेमाने राखलेली. साठेक मुलं, त्यात मुली जास्त. प्रयोगशाळा सांभाळणारे पाष्टेकाका, निवृत्तीला आलेले, खिडक्या लावायला उभे. पहिल्या बाकावर माझे वडील, पेल्यासकट.

मी माझी पेटी उघडली. तीन कुप्या होत्या: हिरवी, पिवळी, निळी. उजेडाने निळा बिघडतो म्हणून तिन्ही कुप्या मी चांदीच्या कागदात गुंडाळल्या होत्या. कागद नव्हता. कुप्या उघड्यानागड्या होत्या आणि पेटीचं झाकणही नीट लागलेलं नव्हतं.

"आप्पा," मी माईकपासून दूर होऊन म्हणाले, "यावरचा कागद?"

"तो होय? फणसपोळी गुंडाळली. चिकट असते ती." मग जरा थांबून, "स्वच्छ होता कागद. मी पुसून घेतला."

"आणि पेटी?"

"मागच्या काचेपाशी ठेवली. पायात येत होती."

पाष्टेकाकांनी खिडक्या लावल्या. मी अतिनील टॉर्च पेटवला. हिरवी कुपी झळाळली, मुलं 'ओऽऽ' म्हणाली. पिवळी झळाळली. निळीवर टॉर्च धरला आणि तिथे काहीच झालं नाही. धुतलेल्या बाटलीसारखी ती माझ्याकडे बघत राहिली. तीन वर्षांचं काम त्या उन्हात गेलं होतं. निदान त्या कुपीतलं तरी.

पुढून एक आवाज आला. "मॅडम, निळा किती वेळ टिकतो?" सानिया नावाची मुलगी होती, दुसऱ्या बाकावरची.

"उपकरणात काही तास," मी म्हणाले. "आणि माझ्या वडिलांजवळ दिला तर हातखंबा ते रत्नागिरी."

हशा पिकला. आप्पाही हसले, आणि त्याचाच मला राग आला. म्हटलं, आता याची परतफेड करू या. "मुलांनो, हे माझे वडील. यांच्या हातात एक चमत्कारी पेला आहे. यातलं पाणी पिऊन साखर उतरते म्हणे. आपण वैज्ञानिक आहोत. बघू या याच्यात काय तेज आहे ते." मी त्यांच्या हातातून पेला घेतला, तांबूस पिवळं पाणी काचेच्या चंचुपात्रात ओतलं आणि टॉर्च लावला.

पाणी निळं पेटलं.

पेटलं हाच शब्द. मोरपिसाच्या मध्यभागी असतो तसा निळा. साठ मुलांचा श्वास ऐकू आला. विभागप्रमुख बाई उठून उभ्या राहिल्या. माझा टॉर्च धरलेला हात तिथेच राहिला, कारण तीन वर्षं जो रंग मी ऊर्जेच्या आलेखांवर बघत होते तो समोर पाण्यात होता, कातारीच्या हंड्यातल्या.

"हं," आप्पा म्हणाले. एकच अक्षर, पण त्यात सगळं आलं.

मग मात्र मला राहवेना. आम्लाने काय होतं? कुणाच्या तरी डब्यात कोकमं निघाली. कोकमाचं पाणी चार थेंब टाकलं, निळा मंदावला आणि विझला. आता अल्कली हवी. मी कपाटाकडे वळणार तोच पाष्टेकाका लाजत पुढे आले. "मॅडम, चुना चालंल?" त्यांच्या कमरेच्या चंचीतला चुना! नखभर घातला, ढवळला, आणि निळा पुन्हा उसळून वर आला. मुलांनी बाकं बडवली. माझी उरलेली चाळीस स्लाइड्स कुणाला नको होत्या, मलाही नको होत्या.

त्या गदारोळात सानियाने आप्पांना विचारलं, "काका, मग साखर खरंच उतरली तुमची?"

आप्पा विजयाच्या शिखरावर होते. "उतरली म्हणजे? तीन आठवडे झाले, गोळ्या बंदच केल्यात मी!"

मुलं हसली. मला हसू आलं नाही. आई बेंगळुरूला जाऊन बरोबर तीन आठवडे झाले होते.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर आमचं जे काही झालं त्याला भांडण म्हणतात. आजूबाजूचे लोक भेळ खात ऐकत होते.

"तू स्वतः दाखवलंस सगळ्यांना," आप्पा म्हणाले.

"चमकतं ते औषध असतं का? माझ्या कुपीतला हिरवाही चमकतो. प्याल?"

"त्याची गोष्ट वेगळी."

"रोज रात्री किती वेळा उठता?"

त्यांनी पायाने वाळू उकरली. मग म्हणाले, "पाणी जास्त पितो म्हणून."

"आणि पाणी जास्त का पिता?"

"पेला आहे ना."

मी फोन काढला. "आईला लावते."

"नंदे!" इतक्या घाबरलेल्या आवाजात त्यांनी मला हाक मारली की दोन भेळवाले वळून बघायला लागले. तिथेच आमचा करार ठरला. सकाळी उपाशीपोटी तपासणी. आकडा ठीक आला तर मी आयुष्यभर पेल्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. वाईट आला तर गोळ्या, त्याच दिवसापासून.

रविवारी सकाळी गावात एक लॅब उघडी सापडली. आकडा इथे लिहीत नाही, त्यांनी शपथ घातली आहे. पण कागद वाचून लॅबमधल्या बाईंनी आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही एकटेच आलात का?" तिथून थेट डॉक्टरांकडे. तरुण डॉक्टरीण होती, समजुतीने बोलली. "पेल्यातून प्या, तांब्यातून प्या, माझं काही म्हणणं नाही. गोळी मात्र रोज. असंच चालू राहिलं असतं तर पुढच्या वेळी तुम्ही चालत आला नसतात." आप्पांनी मान डोलावली. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं त्यांनी स्वतः मागितली. नाव पाठ होतं.

गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जा. थोडं वळण पडतं, पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि वरच्या वळणावर थांबायला जागा आहे. एरवी आप्पांनी तिथे भाषण दिलं असतं. आज ते गोळ्यांची पिशवी मांडीत धरून बसले. दर्शनाला रांग होती, पाऊण तास लागला. मग देवळामागच्या अख्ख्या टेकडीला प्रदक्षिणा घालायला निघालो. सावली आहे, चप्पल मात्र देवळापाशी ठेवावी लागते.

अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "मला माहीत होतं गं."

"काय?"

"पेल्याने होत नाही ते. होत असतं तर डॉक्टर नसते?" चार पावलं गेल्यावर पुढे म्हणाले, "गोळी घेतली की वाटतं, संपलं, आता आपण आजारी माणूस. पेल्यात पाणी भरताना तसं नाही वाटत. कायतरी करतोय असं वाटतं."

मीही तीन वर्षं रोज सकाळी एक बाटली भरते, ती टिकत नाही हे माहीत असून. पण ते त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "दोन्ही करा. भरा पण आणि गिळा पण."

"हे चालेल," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर घाट चढताना त्यांनी पहिल्यांदाच मला नीट विचारलं, "तू नक्की करतेस काय?" मी साखरप्यापासून मलकापूरपर्यंत सांगत होते. मध्ये ते दोनदाच बोलले, तेही गिअर बदल म्हणून.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. बिवळ्याच्या ढलप्या मी प्रयोगशाळेत उकळून पाहिल्या. पाण्यात तो निळा अप्रतिम आहे. काचेवर पातळ थर दिला की विझतो, त्यामुळे त्याचा मोबाईल होणार नाही. माझा प्रश्न सुटलेला नाही. पण आम्ल-अल्कलीच्या त्या खेळावरून वहीत एक नवी कल्पना लिहिली आहे, आणि सानिया उन्हाळ्यात प्रकल्पासाठी येते आहे. जायचं असेल तर फेब्रुवारीतच जा, रस्ता बरा असतो आणि उकाडा सुरू व्हायचा असतो. उजेडाला भिणाऱ्या वस्तू स्वतःच्या पिशवीत ठेवा.

परतलो त्या रात्रीचं एक सांगून थांबते. हात धुऊन मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा आप्पा बाहेर आईशी फोनवर बोलत होते. "अगं, सोपं आहे. इलेक्ट्रॉन जिना चढतो. वर त्याला करमत नाही. खाली उडी मारतो तेव्हा उजेड पडतो. जिना उंच असला की निळा. आणि फार उंच असला की बिचाऱ्याचा पाय मोडतो. तिचं सगळं काम त्या पायाचं आहे." यात दोन चुका होत्या. मी दुरुस्त केल्या नाहीत.

मग बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर हळू आवाजात, "ऐक, अजून एक सांगायचंय. मी गोळ्या... आधी पूर्ण ऐक, मग चिड."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि कुकर लावला.