खुरसाला कोंबडा

शेजारची काकी सकाळी सकाळी लाल कोंबडा बगलेत धरून आमच्या अंगणातल्या खुरसापुढे उभी होती. क्रुसाला आमच्याकडे खुरीस म्हणतात. मी चहा तसाच चुलीवर टाकून धावले.

"अगो काकी, ह्यो कोंबो कित्याक?"

"खुरसाक. राखणदाराक देतंव ना, तसो."

माझं टाळकंच सरकलं. इथे प्रत्येक वाडीला राखणदार असतो. त्याचा मान चुकला की तो कोपतो आणि कोंबडा दिला की शांत होतो. आमच्या नाताळच्या नेवऱ्या हिच्या घरी जातात, हिचे चतुर्थीचे मोदक आमच्याकडे येतात, आणि इतकं करून खुरीस म्हणजे हिच्या लेखी आमचा राखणदार! "तुमच्या देवाक झील आसा, मगे बायको खंय?" असलं देवाच्या मुलाबद्दल ती दर नाताळला विचारायची आणि मी दर नाताळला हसत हसत समजावायचे. पण कोंबडा म्हणजे अतीच झालं.

तोंड उघडणार, तोच तिचे डोळे दिसले. रडून रडून सुजले होते.

सुनेला दिवस राहिले तर खुरसाला मेणबत्ती लावीन, असा नवस तिने केला होता. दिवस राहिले, ग्रामदेवाला नारळ दिला गेला, मेणबत्ती मात्र घाईगडबडीत राहून गेली. आणि आता नातू दिवस भरण्याआधीच जन्मला. सरकारी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होता. सून निरोपावर निरोप धाडत होती, पण ही जायला तयार नव्हती.

"माझ्यामुळा झाला सगळा. मी थंय गेलंय तर पोराचा अजून वायट होतला."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी तिला पायरीवर बसवलं.

"काकी, आइक. ह्या खुरसार आमच्या देवान सोताचो जीव दिल्यान, आमच्यासाठी. तेच्यानंतर कोणाचोच जीव देवची गरज नाय, कोंब्याचो पण नाय. आणि मेणबत्ती रवली म्हणान बाळाक त्रास दिणारो देव तो न्हय. तू नवस करुच्या आधीपासून तेचो तुझ्यार जीव आसा."

काकीने बगलेतला कोंबडा खाली सोडला. मग तिने हळूच विचारलं, "मगे तुझो झील गेलो तेवा? तेवाय देव तुझ्यार रागावललो नाय होतो?"

माझा मुलगा लहान असतानाच तापाने गेला. माझं काय चुकलं, हे मी इतकी वर्षं रोज प्रार्थनेत विचारत होते. बाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. काकीला कसं कळलं, देव जाणे.

"नाय गो," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "नाय होतो रागावललो."

तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि उठली. "चल मगे माझ्यावांगडा. एकटीक माका भय वाटता."

हॉस्पिटलात सून पेटीजवळ खाली मान घालून बसली होती. सासूला बघताच म्हणाली, "आई, माझाच कायतरी चुकला."

काकीने तिला पोटाशी धरलं. "तुझा कायेक चुकला नाय गो. देव तसो नाय. हिनाच सांगल्यान माका."

मी दारातच उभी राहिले आणि देवाचे आभार मानले. नातवासाठी, काकीसाठी, आणि पहिल्यांदाच माझ्या मुलासाठी, तो जेवढा मिळाला तेवढ्यासाठी.