डॉक्टरांना सांगायचं नाही

मी शिक्षिका आहे, आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीला मी पढवून खोटं बोलायला लावलं.

तिची दाढ किडली होती. गाल सुजलेला, घास गिळताना डोळ्यांत पाणी. श्रीवर्धनातल्या दोन्ही दातांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण दाढ काढायला नकार दिला. चार महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाचं भोक बुजवायचं ऑपरेशन झालं होतं. "हार्टच्या डॉक्टरांचं पत्र आणा," पहिले म्हणाले. दुसऱ्या बाईंनी तेच जरा गोड आवाजात सांगितलं. हार्टचे डॉक्टर मुंबईत, आणि त्यांची वेळ मिळत होती तीन आठवड्यांनी. नवरा जहाजावर नोकरीला, त्याचा फोन लागेल तेव्हा लागणार. गोळ्या संपल्या की गाल पुन्हा फुगायचा. सगळे नुसते आपली कातडी वाचवताहेत, याबद्दल माझी खात्री झाली होती.

शेवटी मी दिघीहून फेरीबोट धरली. पलीकडे मुरुडला आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. बोटीत तिच्या छातीवरचा ऑपरेशनचा व्रण दिसू नये म्हणून शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि सांगितलं, "हार्टचं काय बोलायचं न्हाय. विचारलं तरी न्हाय."

"खोटं बोलायचं?"

"खोटं न्हाय गं. फक्त सांगायचं न्हाय."

वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मुरुडचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांच्याकडच्या कागदावर ‘पूर्वीचा मोठा आजार’ असा रकाना होता. तिथे मी फळ्यावर काढते तशा वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं. पोर खुर्चीत बसली. तोंड मोठं उघडलं, पण एका मुठीत कॉलर गच्च धरून ठेवली.

"हात खाली घे बाळा," डॉक्टर म्हणाले. तिने घेतला नाही. "काय लपवलंयस तिथं? चॉकलेट?"

"काय न्हाय," ती म्हणाली. बोलताना ती त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

इंजेक्शन भरून तयार होतं. मी बोलले तर हेही परत पाठवणार. न बोलले तर? दाढेतले जंतू रक्तातून जाऊन हृदयातल्या नव्या शिवणीवर बसू शकतात, हे पहिल्या डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. मला ते पुरतं कळलं होतं. कळून मी त्याला सबब म्हणत होते. 

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवलं. बटणाला हात न लावता माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगता का?"

मी सांगितलं, आधीच्या दोघांचंही. त्यांनी हातमोजे काढले.

"आज मी हिची दाढ काढणार नाही. आणि आता तुम्ही हिला घेऊन चौथ्याकडं जाल, तेही मला दिसतंय. बसा इथंच."

मग त्यांनी मुंबईला, तिचं ऑपरेशन झालं होतं त्या हॉस्पिटलला स्वतः फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. बाहेर पेशंट खोळंबले होते. तासाभराने परवाची वेळ मिळाली. दाताचे आणि हार्टचे डॉक्टर एकाच ठिकाणी बघणार होते. नव्या गोळ्याही त्यांनाच विचारून लिहून दिल्या. मला रडू आलं, आणि त्यातही रागच जास्त होता. हा एक फोन आधीच्या दोघांना जड का झाला होता? आणि त्यांना ‘फोन लावता का’ असं मी तरी कुठे विचारलं होतं? मी तर तणतणत बाहेर पडले होते.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या त्या हॉस्पिटलात दातांच्या एक तरुण डॉक्टर तिच्यासमोर वाकून बसल्या. "कुठं दुखतंय तुला?"

गाल एवढा सुजलेला, आंधळ्यालाही दिसला असता. पण तिने बोट दाखवलं नाही, तोंड उघडलं नाही. माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आई, सांगू?"