पतंग : निरंक

आमच्या हिवरखेडच्या शाळेत बुधाजी एकतीस वर्षं शिपाई आहे. घंटा देणं, पाणी भरणं, व्हरांडा झाडणं ही त्याची कामं. लिहायचं काम त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. अक्षर टपोरं, पण शिपायाचं अक्षर पाहतो कोण?

गेल्या जुलैत अमरावतीहून अश्लेषा नावाची संशोधक मुलगी आली. रात्री दिव्यावर येणारे पतंग ऋतूनुसार कसे बदलतात, हा तिचा विषय. व्हरांड्याबाहेर दिवा बसवून ती परतवाड्याच्या गाडीनं निघाली आणि रोजची मोजणी आमच्यावर सोपवून गेली. मी बुधाजीला बोलावलं. मराठीचा मास्तर असल्याच्या तोऱ्यात सांगितलं, की सकाळी दिव्यापाशी जितके पतंग सापडतील तितके लिहायचे, नसले तर निरंक.

त्यानं वहीला खाकी कव्हर घातलं, रकाने आखले: तारीख, पतंग, शेरा. येत्या जूनमध्ये तो निवृत्त होणार. आपल्या हातचं काहीतरी कागदावर राहील, असं तो मला दोनदा म्हणाला होता.

फेब्रुवारीत अश्लेषानं वही उघडली. जुलै निरंक. ऑगस्ट निरंक. डिसेंबरपर्यंत निरंकच. संक्रांतीला एकदम सात, दुसऱ्या दिवशी चार, 'पैकी दोन फाटके'.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बुधाजीनं दिव्याच्या तारेत अडकलेले, पोरांचे कागदी पतंग मोजले होते. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. बुधाजीनं वही मिटली आणि पेन माझ्यासमोर ठेवलं.

"दिव्यावर येते त्याले आमी पाखरू म्हनतो, मास्तर. तुमी पतंग सांगतलं, मी पतंग मोजले."

मीही इथलाच. लहानपणी मीही त्यांना पाखरंच म्हणायचो. पुस्तकी शब्द वापरला मी आणि हसं झालं त्याचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, असं सगळ्यांसमोर म्हणालो खरा, पण तोवर तो दाराशी पोचला होता.

अश्लेषानं त्याला थांबवलं. वही पुन्हा उघडून ती शेरे वाचत होती. ऑगस्टभर 'झाडू तीन वेळा', दिवाळीला 'एक वेळा', डिसेंबरात कोरं. हे काय आहे, तिनं विचारलं.

"सावनात खच पडे ना पाखरायचा. लहान लहान, हिरवे. जवारी निसवली, कनसं आली का पांढरे. दिवाळीले निरे मातकट. अन् थंडीत कोनीच नाही."

ती खुर्ची ओढून बसली आणि त्याचं बोलणं उतरवून घेऊ लागली. गेल्या सात महिन्यांचे आकडे गेले ते गेलेच, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पण पुन्हा मोजायचं तर बुधाजीकाकाच हवेत, निवृत्तीनंतरसुद्धा.

बुधाजी दारातून परत आला. मग माझ्यासमोरचं पेन उचललं, नवं पान काढलं, रकाने आखले. मधल्या रकान्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'पाखरं'. माझं लाल पेन खिशातच राहिलं.